दुसरीचं माहेर

१

घुग्घुसच्या त्या गल्लीत उन्हाळा आला की कमळाबाईला दोन कामं वाढायची. एक, दारासमोर दिवसातून दोनदा पाणी मारायचं, कारण कोळशाचे ट्रक गेले की उंबऱ्यावर बोटभर काळं साचायचं. दुसरं, कोण कुठं निघालं ते पाहायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा जीव लावून व्हायचं हे गल्लीला ठाऊक होतं, आणि गल्लीची त्याला हरकत नव्हती. कोणाच्या घराला कुलूप दिसलं तर गॅसवाला सरळ तिलाच विचारी. कोणाचं पोर तापलं तर सगळ्यांत आधी तिचीच पेज पोचे. चौकशी आणि माया, दोन्ही तिच्यात एकाच चुलीवर शिजत.

मे लागला की गल्ली रिकामी व्हायची. सुना माहेरी जायच्या, लेकी माहेरी यायच्या. ज्यांच्याकडे गाडी होती ते ताडोब्याच्या गेटवर वाघासाठी रांग लावायचे. कमळा फाटकात उभी राहून सगळ्यांना हात करायची, "सांभाळून जाजो" म्हणायची, आणि आत येऊन नवऱ्यावर चिडायची. हेमराज सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त होऊन कूलरसमोर जो आडवा झाला होता, तो अजून उठायचा होता.

कमळाचं माहेर चिमूरकडे. म्हणजे, होतं. आई गेली, भावांनी घरात मधोमध भिंत घातली, आणि शेवटच्या खेपेला मोठ्या वहिनीनं पाहुण्यांच्या कपात चहा देऊन विचारलं, "परतीची गाडी कितीची आहे?" कमळानं चहा संपवला, गाडी गाठली, आणि पुन्हा गेली नाही. कोणी बोलावलंही नाही. हे तिनं गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं. जगाचं सगळं माहीत असणाऱ्या बाईला स्वतःचं एवढं तरी झाकता यावं.

म्हणून तर शेजारच्या पुनमवर तिचा विशेष जीव होता. पुनमला माहेर नव्हतंच. तिचं गावसुद्धा नव्हतं. पिपरडोह नावाचं ते गाव उघड्या कोळसा खाणीत गेलं, आणि गाव उठलं त्याच वर्षी तिची आईही गेली. आईच्या घरातलं जातं, धान्याची कणगी, भांडी, सगळं तालुक्याच्या एका छोट्या संग्रहालयानं मागून नेलं आणि तिथं एक खोली मांडली. बाहेर पाटी लावली, "गावातलं घर".

पुनम, तिचा नवरा प्रणित आणि लहानगी दीपिका दर उन्हाळ्यात ती खोली पाहायला जायचे. एकदा नव्हे, प्रणितला खाणीतून सुट्टी मिळेल त्या प्रत्येक रविवारी. गल्ली हसायची. लोक वाघ पाहायला जातात, हे लोक मडकी पाहायला जातात. कमळा मात्र हसायची नाही. तिला उलट बरं वाटायचं. बिचारी, म्हणायची. माहेर म्हणून काचेतल्या मडक्यांपाशी जाते. त्या "बिचारी"मध्ये एक गारवा होता, माठातल्या पाण्यासारखा, आणि कमळा तो घोटाघोटानं प्यायची.

२

त्या रविवारी दिवस बुडताना ते परतले तेव्हा कमळा दारासमोर पाणीच मारत होती. मोटारसायकल थांबली. दीपिका पेंगुळलेली. पुनम पाय टाकून उतरली, पाठमोरी झाली, परतताना नेहमी डोक्यावर असणारा पदर आज घसरला होता, आणि कमळाच्या हातातली बादली तशीच राहिली.

पुनमच्या पाठीवर वेणी होती.

सकाळी ती अंबाडा घालून गेली होती. कमळानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तेल चापून घातलेली, मानेपासून कमरेपर्यंत एका रेषेत उतरलेली, दाब देऊन घट्ट घातलेली वेणी.

"काय वो पुनम, झाली का सहल?"

"झाली, बाई."

"काय पाह्यलं मंग?"

"तेच. जातं, चूल, कणगी."

"अन् वेणी कोणं घालून देल्ली?"

पुनमचा हात मानेकडे गेला. गाल लाल झाले, उन्हानं असतील. "मीच घातली, बाई. कोण घालन?"

ती आत गेली. कमळा तिथंच. बाईमाणसाला हे सांगावं लागत नाही. स्वतःची वेणी स्वतः घातली तर निम्म्यावर आली की खांद्यावरून पुढं घ्यावी लागते. मग ती कायमची एका बाजूला कलते. पाठीच्या कण्यावर अशी ओळंब्यानं पडणारी वेणी दुसऱ्याच्याच हातची असते. मागं कोणीतरी बसलेलं असावं लागतं. दोन्ही गुडघ्यांमध्ये लेकीला धरून.

रात्रीच्या जेवणाला तिनं हेमराजला सांगितलं.

"प्रणितनं घातली असन," हेमराज म्हणाला. "आजकालचे पोट्टे सैपाक बी करते."

"तुमी तं माह्या डोक्यावर पाल पडली तरी उठले नसते."

"पाल तुले भेते वो."

ती हसली नाही. प्रणितचे हात तिनं पाहिले होते. पाना धरणारे हात ते. आणि तेलाचा वास. दुकानातलं नव्हतं ते. टोरीचं तेल होतं, मोहाच्या बियांचं, उग्र, कडवट. कमळाची आई तेच लावायची. आता ते बाजारात तरी कुठं मिळतं?

पानावरचा भात तिला गोड लागला नाही.

३

पुढच्या रविवारी ती सकाळीच तयार होऊन पुनमच्या दारात उभी राहिली.

"मी बी येतो. गंज दिवस झाले, कुठी जाणंच झालं नाई."

"बाई, मोटारसायकलवर जागा..."

"प्रणितचा दोस्त ओम्नी देते ना? मी इचारलं त्याले. हाव म्हणे."

प्रणित हसला, पुनम हसली नाही. पण शेजारधर्म मोठा. नाही म्हणता आलं नाही. वाटेत दीपिका कमळाच्या मांडीवर झोपली. पुनम खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिच्या अंगावर कोरं, घडी मोडलेलं लुगडं होतं. संग्रहालय पाहायला कोणी असं नेसतं?

संग्रहालय म्हणजे जुन्या कचेरीची कौलारू इमारत. तिकीट फाडायला रफीकभाऊ, टेबलफॅनसमोर पाय वर घेऊन बसलेले.

"या, या. आज पाहुणे बी हाये का? जा, पाहून घ्या. नाक तुटलेले देव पह्यल्या खोलीत, तलवारी दुसऱ्या खोलीत. तलवारीले हात लावू नोका, धार नाई पण गंज लागते."

शेवटची खोली "गावातलं घर". दारापाशी आडवी दोरी. आत मातीनं लिंपलेल्या भिंती, चूल, जातं, बांबूची कणगी, खुंटीवर विरलेलं लुगडं, तळहाताएवढा आरसा, शिंगाची फणी. मागच्या भिंतीला माजघराचं दार म्हणून एक निळी चौकट बसवलेली, तिच्यात पडदा. कमळानं दोरीवरून वाकून पडद्याला ढोसलं. मागं भिंत. चांगली भक्कम, सरकारी.

सगळं नुसतं मांडलेलं. फक्त जमीन सारवलेली होती, आणि सारवण ओलं होतं. बोटांच्या कमानी दिसत होत्या.

"इथी कोणी बाई कामाले आहे का, भाऊ?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"कुठली बाई? मीच झाडतो, मीच तिकीट फाडतो, मीच साहेब."

"मंग सारवते कोण?"

रफीकभाऊंनी पायावर पाय घासला. "मले वाटते तुमच्यातलीच कोणी बाई सारवून जाते. घरचं सामान आहे ना तिचं. मी कायले ना म्हणू?"

४

"बाई, तुमी दीपिकाले घेऊन तलवारी पाहून या ना," पुनम म्हणाली, आणि शेवटच्या खोलीचं दार मागून लोटून घेतलं.

प्रणित बाहेर कडुनिंबाखाली जाऊन मोबाईल पाहत बसला. त्याच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं. कमळानं दीपिकाला तलवारीपाशी उभं केलं आणि स्वतः मधल्या भिंतीला कान लावला.

आधी काहीच नाही. मग जमिनीवर बसल्याचा लुगड्याचा आवाज. मग पुनम, अगदी हळू, "माय, आली वो मी."

आणि मग फणी. सर्र. थांबणं. सर्र. गुंता लागला की होणारा तो खट्ट आवाज. फणी कोण फिरवतंय हे भिंतीला काय कळणार. पुनमच फिरवत असेल, कमळानं स्वतःला बजावलं. माणूस एकटा बसला की बोलतो, गुणगुणतो. ती स्वतःही सैपाकघरात बोलते.

पण मग दुसरा आवाज आला. शब्द नव्हते त्यात. नुसता सूर, खालच्या पट्टीतला, कुरकुरता. केसांची काय दशा करून घेतली, तेल लावत नाहीस, नवरा खायला घालतो की नाही. शब्द नसले तरी ते असंच असणार हे जगातल्या कुठल्याही लेकीनं सांगितलं असतं. आणि त्या सुरावर पुनम हसली. शेजारच्या घरातून कमळानं पुनमचं हसणं कितीदा ऐकलं होतं. ते हे नव्हतं. हे दहा वर्षांच्या पोरीचं हसणं होतं, डोकं ओढलं गेल्यावर "आवो माय" म्हणून हसणारं.

भीती वाटायला हवी होती. कमळाच्या हातावर काटा आलाही होता. पण छातीत जे उठलं ते भीतीचं नव्हतं. ते तापलेलं होतं, टोकदार होतं, आणि त्याची चव तिला ओळखीची होती. वहिनीच्या कपातल्या चहाची.

पुनमला माहेर होतं.

"आजी," दीपिकानं तिचा पदर ओढला. "तुमी रडून राह्यल्या का?"

"नाई वो पोरी. गंज डोळ्यात गेला."

५

तीन दिवस कमळानं स्वतःची समजूत घातली. ती सातवी शिकलेली होती, भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. मायेसाठी झुरणारी पोर आहे, स्वतःच दोन आवाजांत बोलते. वेडाचाच प्रकार, पण निरुपद्रवी. हे तिला पटायचं, आणि मग भिंतीपलीकडून पुनम दीपिकाला हाक मारायची, त्या हाकेत माहेरून आलेल्या बाईचा भरलेपणा असायचा, आणि सगळी समजूत सांडून जायची.

गावच खाणीत गेलं तरी हिची माय हिच्यासाठी बसून आहे. आणि माझं गाव जागच्या जागी, घर उभं, तरी मला कोणी नाही. काऊन? मी काय कमी केलं होतं?

गुरुवारी तिनं हेमराजला सांगितलं की चंद्रपूरला डोळे दाखवायला जाते. आईनं दिलेलं शेवटचं लुगडं नेसली आणि बसमध्ये बसली.

भर दुपार. संग्रहालयात चिटपाखरू नव्हतं. रफीकभाऊ जेवणाचा डबा उघडून बसले होते. "पुन्हा आल्या का बाई? तलवारी आवडल्या वाटते."

"हाव," ती म्हणाली.

शेवटच्या खोलीत शिरून तिनं दार लोटलं. चपला काढल्या, दोरी ओलांडली. सारवण पायाला गार लागलं. ती पुनम बसत असेल तशी बसली, तोंड आरशाच्या खुंटीकडे, पाठ पडद्याकडे.

"माय," ती म्हणाली. "माय, आली वो मी."

बाहेरचा टेबलफॅन बंद पडला. लाईट गेली असणार. या दिवसांत जातेच. बाहेर होला घुमत होता, तोही थांबला. कमळा उठणारच होती. एवढ्यात तिच्या अंबाड्याची पिन कोणीतरी काढली.

हळूच, सवयीनं. केस मानेवर पडले. बोटं केसांत शिरली, खडबडीत, थंड. टाळूवरून फिरली, कानामागं गेली, आणि तिथं थांबली. चाचपू लागली. पोराच्या डोक्यावरची जुनी खोक शोधावी तशी. ती खोक कमळाच्या डोक्यावर नव्हती. बोटं आखडली. मागं सरली.

कमळाला कळलं की आता पळायचं असेल तर हीच वेळ आहे. आपण हिची कोणी नाही हे हिला कळलंय, ती आता पडद्यामागं निघून जाईल, आणि रविवारी पुनमच्या केसांत हीच बोटं फिरतील.

"पुनम नाई येत आता," कमळा म्हणाली. शब्द तिच्या तोंडातून आपोआप पडले, आणि पडताना गोड लागले. "विसरली तुले. मीच आहे तुही लेक. मीच येत जाईन."

आखडलेली बोटं पुन्हा केसांत आली.

मग फणी. एवढ्या जोरात ओढली की डोळ्यांत पाणी आलं. पेड पडले, आवळले गेले, एकावर एक, मानेपासून खाली. कमळानं समोरच्या आरशात पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा होता, आणि त्याच्या मागं, तिच्या खांद्याशी, खाली घातलेलं एक डोकं. तोंड दिसत नव्हतं. फक्त पांढरा, मातीनं भरलेला भांग, कामात गढलेला.

तिनं डोळे मिटले. मांडीत काहीतरी जड आलं. तांदूळ. माहेरची ओटी. निघताना लेक त्यातले चार दाणे काढून पुन्हा कणगीत टाकते. माहेर रितं करून जाऊ नये म्हणून. कणगी हाताच्या अंतरावर होती. कमळाला रीत माहीत होती. पण तिनं पदराची मूठ आवळली. एक दाणासुद्धा नाही. पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या ओट्या पाहिल्या.

"डोळे सुजले बाई तुमचे," रफीकभाऊ म्हणाले. ती थांबलीच नाही.

६

रविवारी संध्याकाळी मोटारसायकल थांबली तेव्हा कमळा मुद्दाम बाहेर नव्हती. खिडकीच्या फटीतून तिनं पाहिलं. पुनमच्या मानेवर सकाळचा अंबाडा होता, विस्कटलेला. दीपिका हमसून रडत होती.

थोड्या वेळानं पुनमच आली आणि सैपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसली. कमळानं चहा टाकला. मन कासावीस झालं होतं, आणि त्याच मनाच्या तळाशी साखर विरघळत होती. दोन्ही खरं होतं.

"काय झालं वो माय?"

"बाई, तुमाले सांगितलं तं तुमी हासान."

"नाई हासत."

"संग्रहालय बंद होईपर्यंत बसली मी. मायले किती हाका मारल्या. मंग आतून आवाज आला." पुनमनं ओठ आवळले. "म्हणे, कोण पायजे वो?"

कमळा तिच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे. आपल्याले नाई माहेर. दोघीले बी नाई. आपण एकमेकीले आहो ना?"

हे म्हणताना तिला किती बरं वाटत होतं! पुनम तिच्या खांद्यावर कलंडली. आणि तशीच, कलंडलेली, थिजली. हळूहळू डोकं वर उचललं. कमळानं गुरुवारपासून डोक्यावरचा पदर काढला नव्हता, पण टोरीच्या तेलाचा वास पदर काय अडवणार.

पुनमनं शिवी दिली असती तर कमळानं परत दिली असती. पण तिनं विचारलं ते अगदी सख्ख्या बहिणीच्या काळजीनं.

"निघताना दाणे परत टाकले ना, बाई?"

कमळा उठली, चहा कपात गाळला.

"कणगीत. चार दाणे. लेक सासरी चालली, हे तिले त्याच्यानं समजते. टाकले ना?"

"मी कायले जातो तिथी?" कमळा म्हणाली. "चहा थंडा होते."

पुनम उठली. चहा तसाच. दारात वळून म्हणाली, "नाई टाकले तं तिले वाटन, लेक गेलीच नाई. इथीच आहे कुठी, आंगणात. जेवाले हाका मारत बसन."

त्या दिवसापासून पुनमनं मधल्या भिंतीपलीकडून बोलणं सोडलं. कमळा वेणी सोडायला बसली तेव्हा एकेक पेड सुटला, पण सकाळी आरशात पाहिलं तर पाठीच्या कण्यावर ती पुन्हा ओळंब्यात होती. झोपेत आपणच घातली, असं तिनं धरलं. माणूस झोपेत काय काय करतो.

७

मे संपत आला होता. ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरायचं. दुपारचं जेवण होऊन हेमराज कूलरसमोर पडला होता आणि कमळा भांडी पालथी घालत होती. बाहेरून हाक आली. पुरुषाचा आवाज, लांबचा वाटावा असा.

हेमराज कुरकुरत उठला, अंगणात गेला. बोलणं ऐकू आलं, त्याचंच जास्त. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अशी खुशी होती की कमळाला तो लग्नातला हेमराज आठवला.

"अवो, तुह्या माहेरून मुराळी आला!"

तिच्या हातातला पेला निसटला. "कोण? दादा आला का?"

"दादा नाई. मी नाई ओळखलं. म्हणे लेकीले न्याले आलो, माय जेवली नाई, वाट पाहून राह्यली." तो हसला. "मी म्हटलं ना तुले, रक्ताचं नातं तुटत नाई. इतक्या वर्षानं का होईना, आली ना त्याईले आठवण? जा चार दिवस."

"माय?" कमळा म्हणाली. "माही माय जाऊन किती वर्षं झाली, अजी?"

हेमराज थबकला. डोकं खाजवलं. "वहिनीले म्हणत असन. घरची मोठी बाई म्हणजे मायच की." मग त्याला दुसरंच आठवलं. "पण गाव चुकीचं सांगते थो. पिपरडोह म्हणे. हे कुठी आलं?"

कमळाला ठाऊक होतं कुठं आलं. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की काळ्या मातीचा ढिगारा दिसायचा. ढिगाऱ्यापलीकडे खड्डा, जिथं वरून ट्रक मुंगीएवढे दिसतात. त्याच्या तळाशी.

"आत बोलावलं नाई त्याले?"

"बोलावलं. पाणी देत होतो. तं म्हणे, लेकीच्या घरचं पाणी पेत नाई आमी."

ही रीत खरी होती. तिचे वडीलही प्यायचे नाहीत. कमळानं पडदा बोटभर सरकवला. अंगणात उन्हाचा नुसता पांढरा पत्रा. त्यात कोणीतरी उभं होतं, डोक्याला शेला, मान खाली. तोंड दिसलं नाही. पाय दिसले. घोट्यांच्या वरपर्यंत काळी माती माखलेली, आणि ती ओली होती. पायांखालची फरशी भिजत चालली होती. महिनाभर थेंब पडला नव्हता कुठं.

त्याच्या पलीकडे, शेजारच्या फाटकात पुनम उभी होती. कमळाला वाटलं, ती ओरडेल, नाही म्हणेल, वाचवेल. पुनमनं काहीच केलं नाही. फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरून ती त्या माणसाकडे पाहत होती, मग कमळाच्या खिडकीकडे, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते कमळानं लगेच ओळखलं. इतकी वर्षं ती स्वतः आपल्या फाटकातून त्याच डोळ्यांनी दुसऱ्यांचे मुराळी पाहत आली होती.

हेमराजनं पिशवी भरून आणली. लुगडी कोंबलेली, वरती तिचा चष्मा. त्यानं दारातून बाहेर तोंड काढलं. "भाऊ, कधी आणून देसान इले?"

अंगणातून उत्तर आलं, सावकाश, मायेनं.

"लेक घरी आली का कोणी तारीख इचारते का, जवाई?"

हेमराज खो खो हसला. "पाह्य, कशी माणसं आहे!"

दार लावून घ्यायचं, कडी घालायची, हेमराजला सगळं सांगायचं, हे सगळं कमळाला सुचलं, आणि त्या सगळ्याच्या खालून एक दुसरंच वर येत होतं, लाजिरवाणं, उकळतं. तिला न्यायला कोणी आलं होतं. भर उन्हात, पायी, तिच्यासाठी. गल्ली पाहत होती.

तिनं पिशवी घेऊन उंबरा ओलांडला. ऊन डोक्यावर लागलंच नाही. अंगणात कसा ओल्या मातीचा गारवा होता. शेला घातलेलं डोकं वर झालं नाही. पुढं आला तो फक्त हात, तिच्या पिशवीसाठी. किती वर्षांत तिचं ओझं कोणी हातातून घेतलं नव्हतं.

तिनं ते दिलं.